बोल, मुलुंड

तांडेलकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वायरलेसच्या स्पीकरवर हाताचा पंजा ठेवून बसले होते. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मी दारात उभा होतो. हातात नेमणुकीचं पत्र आणि खिशात बी.एस्सी.ची मार्कशीट, कुणी विचारलीच तर दाखवायला. कुणी विचारली नाही. काकांनी दुसऱ्या हाताने मला थांबायची खूण केली. स्पीकर गप्प होता, खोली गप्प होती. मला कळेना आपण कशासाठी थांबलोय. दोनेक मिनिटांनी ते म्हणाले, "हां, आता बोल. तो घाटकोपरवाला मगाधरनं बटण दाबतोय नि सोडतोय. बोलायचं का नाय ते ठरत नाही त्याचं. बायकोशी भांडून आला असणार."

"तुम्हाला कसं कळलं? आवाज तर काहीच आला नाही."

"टिक होतं ना डब्यात. हाताला लागतं." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, "तू तो ग्रॅज्युएट ना?"

हो, मी तो ग्रॅज्युएट. माझ्या घरात तोवर कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. वडील भांडुपला कारखान्यात भट्टीवर होते. मी पार्ल्याच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन पास झालो तेव्हा त्यांनी भट्टीवरच्या सगळ्यांना पेढे वाटले. हे सांगायला मला तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. काकांनी मात्र माझं नाव कधी घेतलं नाही. शेवटपर्यंत "ग्रॅज्युएट" म्हणूनच हाक मारली. त्यात टोमणा आहे की कौतुक, हे मला फार उशिरा कळलं.

ते सत्याऐंशीच्या आसपासचं वर्ष. एका धर्मादाय ट्रस्टच्या चार अँब्युलन्स होत्या. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड, अशा चार ठिकाणी एकेक गाडी उभी असायची. अंधेरीच्या एका इमारतीच्या गच्चीवर आमची कंट्रोल रूम. रूम कसली, पत्र्याची खोली. टेबलावर दोन टेलिफोन, वायरलेसचा सेट, आणि डोक्यावर उंच एरियल. लोक फोन करायचे, आम्ही वायरलेसवरून जवळच्या गाडीला पाठवायचो. प्रत्येक गाडीत सेट होता, पण चॅनल आम्हाला एकच मिळालेला. म्हणजे चार गाड्या आणि कंट्रोल मिळून पाच तोंडं, आणि बोलायला वाट एक. दोघं एकदम बोलले की स्पीकरमधून अशी किंचाळी निघायची की कानठळ्या बसायच्या. दोघांचाही निरोप जायचा पाण्यात.

तांडेलकाका वेसाव्याचे कोळी. शाळा आठवीपर्यंत. तरुणपणी मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून गेले, तिथल्या वायरलेस ऑफिसरला चहा नेऊन देता देता त्याचं काम शिकले, परीक्षा देऊन लायसन काढलं. काळेभोर, रुंद खांद्यांचे, पन्नाशी उलटलेली. पांढरा हाफशर्ट रोज इस्त्रीचा. ट्रस्टच्या आत-बाहेर कुणीही मोठ्याने बोललं तरी ते स्वतः हळूच बोलायचे. म्हणायचे, "माईकवर ओरडलास म्हणून लांब जात नाही. नुसता फाटतो आवाज."

त्यांचं सगळं शास्त्र तीन शब्दांचं होतं. विचार, थांब, बोल.

म्हणजे असं. कुणाही ड्रायव्हरला काही सांगायचं असेल तर त्याने आधी ऐकायचं, वाट मोकळी आहे ना. मग फक्त दोन शब्द: "मुलुंड विचारतोय." एवढं बोलून बटण सोडायचं. काका दोन श्वास थांबायचे आणि म्हणायचे, "बोल, मुलुंड." मग त्याने बोलायचं, आणि बाकीच्या तिघांनी "बोल, मुलुंड" ऐकलं की हात बटणावरून काढायचा. निरोप संपला की काका म्हणायचे, "मिळालं." हे "मिळालं" येईपर्यंत निरोप पोचला असं कुणी समजायचं नाही.

मला सुरुवातीला हे जुन्या शाळेतल्या "सर, पाणी पिऊ का" सारखं वाटायचं. मी म्हटलंही, "काका, ड्रायव्हरला ऐकून कळतंच की वाट मोकळी आहे. मग परत विचारायचं कशाला?"

त्यांनी मला गच्चीच्या उत्तरेच्या कठड्याशी नेलं. डोंगर दाखवला. "या डोंगराच्या अल्याड बोरिवली, पल्याड मुलुंड. बोरिवलीला मुलुंडचा आवाज पोचतो?"

"नाही."

"मुलुंडला बोरिवलीचा?"

"नाही."

"दोघांचा माझ्याकडे पोचतो. मग बोरिवलीने कितीपण कान दिला, त्याला काय वाटणार? वाट मोकळी. मुलुंडला पण तेच. दोघं शहाणे, दोघं ऐकून मग बोलले, तरी किंचाळी माझ्याकडे. खरं की नाही, ग्रॅज्युएट?"

खरं होतं.

"आणि बटण दाबलं की सेट बोलतो, ऐकत नाही. बोलणारा बहिरा असतो. आपल्या आवाजावर कोण पडलंय हे त्याला कधीच कळायचं नाही. म्हणून कुणीतरी सांगायला पाहिजे, की बाबा तुझं मिळालं."

बोरिवलीचा ड्रायव्हर सावंत हा बोलघेवडा. त्याचं बोट सदा बटणावर. केस सोडली की सांगणार, चहा प्यायला थांबलो की सांगणार, दहिसर नाक्यावर म्हैस बसली की तेही सांगणार, आणि विचारल्याशिवाय. काकांनी त्याला कधी झापलं नाही. एका सुट्टीच्या दिवशी त्याला कंट्रोल रूममध्ये बोलावून घेतलं आणि सेटसमोर बसवलं. बदली ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलं होतं की आज सावंतसारखं वाग. दुपारपर्यंत सावंतच्या डोक्याची मंडई झाली.

"काका, हा कोण नालायक आहे बोरिवलीवर? दुसऱ्याला बोलूच देत नाही!"

"तूच आहेस तो," काका म्हणाले. "घे, बोंबील खा."

सावंत सुधारला. इतका सुधारला की पुढे तोच दुसऱ्यांना दम द्यायला लागला.

तरी कधीतरी दोघं एकाच क्षणी "विचारतोय" म्हणायचेच. त्यावरही काकांचा तोडगा होता. प्रत्येकाला त्यांनी एक आकडा दिला होता. किंचाळी ऐकली की कंट्रोलवरून ते म्हणायचे, "मोजा." मग घाटकोपरने तीनपर्यंत मोजायचं, मुलुंडच्या दगडूने पाचपर्यंत, सावंतने सातपर्यंत, अंधेरीने दहापर्यंत, आणि मग परत विचारायचं. पुन्हा टक्कर व्हायचा प्रश्नच नाही. दर सोमवारी आकडे बदलायचे. कायमचा शेवटचा नंबर कुणालाच नको.

त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो एकदा. घरात काकी, काकांच्या दोन बहिणी, मुलगी, आणि समोर टोपलीभर कोलंबी सोलायला. चौघी एकदम बोलत होत्या, आणि चौघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. काकांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "एकेक जण."

काकी म्हणाली, "तुमचा वायरलेस तिकडे अंधेरीला. इथं ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं."

काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हे पण खरं आहे रे. दोघं एकदम बोलले आणि एक जवळचा असला, तर किंचाळी पण येत नाही. जवळचाच ऐकू येतो, एकदम साफ. लांबचा बोलला होता हे कळत पण नाही. तिथं जास्त भीती."

मी मान डोलावली. फिजिक्सच्या पुस्तकात ते होतं. मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, की मला माहीत होतं.

वाचनालयात मला तेव्हा संगणकांवरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. त्यात दूरदूरचे संगणक एकाच रेडिओ चॅनलवरून बोलतात, टक्कर झाली की प्रत्येक जण वेगवेगळा वेळ थांबतो आणि पुन्हा पाठवतो, असं दिलं होतं. मी ते त्यांना मराठीत सांगितलं. काका खूश झाले. "म्हणजे मशीनला पण अक्कल आली म्हण की." मग जरा विचार करून म्हणाले, "पोचलं की नाही ते विचारतात का पण?" मी पान उलटून पाहिलं. विचारत होते. "मग ठीक आहे," म्हणाले.

पुढच्या वर्षी कामं वाढली. फोन सारखा, चॅनल सारखा भरलेला. आमचे मॅनेजर नाडकर्णीसाहेब गच्चीवर आले, तासभर उभे राहिले आणि म्हणाले, "हे विचारतोय, बोल, मिळालं, यातच अर्धा वेळ जातो. काही सुटसुटीत करा."  साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सायन्सचे ना? बघा जरा."

मी बघितलं. घड्याळ लावून मोजलं. रात्रंदिवस डोकं घालून इंग्रजीत दोन पानांची नोट लिहिली, आकृतीसकट. ड्रायव्हरांनी चॅनल ऐकून मोकळा असेल तर थेट निरोप द्यावा. परवानगी नको. साध्या निरोपाला कंट्रोलने उत्तर देऊ नये, शंका असेल तरच विचारावं. एकच निरोप दोनदा देऊ नये. टक्कर झाली तर किंचाळी येईलच, तेव्हा मोजायला सांगता येईल. असा सगळा हिशोब. जवळचा आवाज लांबच्याला गिळतो, ते मी लिहिलं नाही. विसरलो नव्हतो. पण चार गाड्यांत असं किती वेळा होणार, असं मनाशी म्हटलं, आणि नोट फार छान जमून आली होती. साहेबांनी खांद्यावर थाप मारली. महिन्याभरात नवी पद्धत लागू झाली.

काका त्यावर एक शब्द बोलले नाहीत. फक्त पहिले काही दिवस प्रत्येक निरोप संपला की त्यांचे ओठ हलायचे. "मिळालं" असं. बटण न दाबता.

ती दुपार होती. भांडुपच्या चाळीतली एक बाई, दम्याचा झटका आलेला, वय पस्तिशीच्या आत. दगडू तिला मुलुंडच्या गाडीतून घाटकोपरच्या हॉस्पिटलकडे घेऊन निघाला. बरोबर तिचा नवरा. कांजूर ओलांडलं आणि गाडीच्या वायरिंगमधून धूर निघाला. इंजिन बंद. दगडूने माईक उचलला. वाट मोकळी होती, त्याने ऐकलं होतं. "मुलुंड. गाडी बंद पडली कांजूरच्या पुढे, पेशंट आत आहे, घाटकोपर पाठवा." बोलता बोलता सेटचा दिवा मंद झाला आणि विझला. त्याने घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा.

कंट्रोल रूममध्ये सेटवर काका होते, फोनवर मी. तीन दहाला स्पीकरमधून सावंतचा आवाज आला, साफ, खणखणीत: "बोरिवली. केस सोडली, मोकळा आहे." काकांनी वहीत लिहिलं. मीही ऐकलं. त्याखाली दुसरं काही नव्हतं, टिक सुद्धा नाही.

बाईचा नवरा रिक्षा थांबवायला धावला. रिक्षा थांबलीही. दगडू त्याला म्हणाला, "अहो, ऑक्सिजन इथं आहे, रिक्षात कुठून आणणार? मी कंट्रोलला सांगितलंय. तिथं तांडेलकाका बसलेत. गाडी आलीच समजा." रिक्षा गेली. घाटकोपरची गाडी तिथून दहा मिनिटांवर रिकामी उभी होती, ड्रायव्हर सेटपासून लांब चहाला गेलेला. सिलिंडर वीस-पंचवीस मिनिटं चालला. चाळीस मिनिटांनी दगडूने दुसऱ्या एका रिक्षात तिला घातलं. ती हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत गेली होती.

दगडू संध्याकाळी गच्चीवर आला. ओरडला नाही. दारातून म्हणाला, "काका, मी सांगितलं होतं हो तुम्हाला."

काका उठून उभे राहिले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून कोळीवाड्यातली भाषा ऐकली. "मना आयकू नाय आलं रे."

चौकशी झाली. टेबलापलीकडे नाडकर्णीसाहेब आणि दोन ट्रस्टी. दगडूने जे घडलं ते सांगितलं. काकांना विचारलं, निरोप आला होता का. काका म्हणाले, "दगडू खोटं बोलणार नाही. तो बोलला म्हणजे आला असणार. माझ्या कानाने सोडला."

मी तिथेच बसलो होतो. माझ्यासमोर वही उघडी होती. सावंतच्या निरोपासमोर तीन दहा. दगडूच्या घड्याळात तीन दहा. डोंगराच्या दोन बाजूंना दोघं, एकाला दुसरा ऐकू येत नव्हता. एकाचा सेट जोरात, दुसऱ्याची बॅटरी मरत आलेली. शाळेतल्या पोरालाही समजावून देता आलं असतं. तो निरोप स्पीकरपर्यंत आलाच नव्हता. जुन्या पद्धतीत दगडूने विचारलं असतं, "बोल" आलं नसतं, आणि त्याला कळलं असतं की आपलं कुणी ऐकलेलं नाही. त्याने पहिलीच रिक्षा धरली असती, सिलिंडर खांद्यावर घेऊन.

"तुम्हाला काही सांगायचंय?" साहेबांनी मला विचारलं.

नोट माझी होती. नोकरी दीड वर्षाची होती. भट्टीवर पेढे वाटलेले होते.

"नाही, सर," मी म्हणालो.

काकांना कुणी काढलं नाही. तेच दुसऱ्या दिवशीपासून आले नाहीत. जुनी पद्धत पुन्हा सुरू झाली, आणि मी सेटवर बसून "बोल, मुलुंड" म्हणायला लागलो. दगडू विचारायचा, मी बोल म्हणायचो, तो दोन वाक्यांत निरोप द्यायचा. त्यापलीकडे आमच्यात बोलणं झालं नाही.

चार महिन्यांत मी नोकरी सोडली. मरोळला एका कंपनीत संगणकाचं काम मिळालं, आणि आयुष्यभर तेच केलं. खूप वर्षांनी घराघरांत बिनतारी इंटरनेट आलं. त्याचं शास्त्र कंपनीतल्या नव्या पोरांना शिकवायची पाळी माझ्यावर आली. पुस्तक उघडलं. यंत्राने आधी ऐकावं. दोन टोकांची यंत्रं एकमेकांना ऐकू येत नसतील तर मधल्याला लहानसा प्रश्न पाठवून परवानगी घ्यावी. परवानगी ऐकून बाकीच्यांनी गप्प राहावं. पोचल्याची पोच येईपर्यंत पोचलं असं समजू नये. टक्कर झाली तर वेगवेगळं मोजावं. एकूण एक गोष्ट होती. प्रत्येकीला तीन-चार अक्षरांचं इंग्रजी नाव होतं. मी त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

पण काकांकडे मी त्याच्या आधी, नोकरी सोडल्यावर काही महिन्यांनी गेलो होतो. एका रविवारी सकाळी. बरोबर कागद घेतला होता, डोंगराची आकृती काढलेला. काका मढला जाणाऱ्या फेरीच्या धक्क्याजवळ बसले होते, मागे काठ्यांवर बोंबील वाळत होते. अंगावर बनियन, त्यावर बिनइस्त्रीचा शर्ट. उजव्या कानात बटण आणि त्यातून वायर निघून शर्टच्या खिशातल्या डबीत गेलेली.

"काका, हे काय?"

"मशीन. कान गेला ना."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"त्याला काय कळतं? दोन वेळा तपासला. म्हणाला, कान पोरासारखे आहेत. मी म्हटलं, पोरासारखे आहेत तर ती बाई मेली कशी?"

मी खाली बसलो. कागद उघडला आणि सगळं सांगितलं. डोंगर, सावंत, दगडूची बॅटरी, तीन दहा. "तुमच्यापर्यंत आलंच नाही, काका. त्या खोलीत कुणाच्याच कानाला आलं नसतं. मी पण होतो ना तिथं." मग नोटेचंही सांगितलं, त्यात काय लिहिलं नव्हतं ते. आणि चौकशीत मी गप्प का बसलो ते.

काका कागदाकडे बघत होते. "नोट मी बघितली होती," ते म्हणाले. "साहेबांनी मला पण सही करायला दिली होती."

"मग केलीत का?"

"पोरीकडून वाचून घेतली. मस्त लिहिली होतीस रे. आमच्याच्याने या जन्मात नसतं झालं. म्हटलं, शिकलाय तो. त्याला पुढचं दिसत असेल."

 फेरी लागली, माणसं उतरली, कोळणी टोपल्या घेऊन चढल्या.

"परत सांग," काका म्हणाले. मी परत सांगितलं. त्यांनी कानातलं बटण काढलं, वायर गुंडाळली, डबी माझ्या कागदावर ठेवली. मला वाटलं, झालं. पटलं. माझ्या छातीवरचं ओझं खरोखर हललं, ते मी कबूल करतो. मग ते मुलीच्या लग्नाबद्दल बोलले, माझ्या वडिलांची चौकशी केली. मी पाया पडून निघालो. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

कोळीवाड्याच्या गल्लीत वळायच्या आधी मी मागे पाहिलं. फेरी मधल्या पाण्यात गेली होती आणि धक्का रिकामा होता. काकांनी बटण पुन्हा कानात घातलं होतं. डोळे मिटून, मान खाडीकडे जराशी वाकवून, खिशातल्या डबीवरचं आवाजाचं बारीक चाक ते अंगठ्याने पुढे सरकवत होते. अजून थोडं. अजून थोडं.